दात पडेपर्यंत

आमच्या मैलापूरच्या घरात सकाळची कॉफी व्हायच्या आधी एक तपासणी होत असे. अप्पा, म्हणजे माझे वडील, आंघोळ करून, गंध लावून घराच्या मधल्या उघड्या चौकात पाटावर बसत आणि माझ्या धाकट्या बहिणीला, अंबूला, हाक मारत. ती समोर येऊन उभी राही, मान मागे टाकी आणि तोंड उघडी. अप्पा अंगठा आणि पहिलं बोट तिच्या तोंडात घालून खालचे पुढचे दात एकेक करून हलवून बघत. दात हलत नसत. अप्पा बोटं धोतराच्या सोग्याला पुसत, "अजून नाहीं," म्हणत आणि कॉफीसाठी आत आवाज देत. अप्पांना तपकिरीची सवय होती, आणि आंघोळीनंतरची पहिली चिमूट ते या तपासणीच्या आधीच ओढत. अंबू चूळ भरून माझ्याकडे येई आणि सांगे, "अक्का, आज पण तिखट." इतक्या वर्षांनंतरही कुणी शेजारी तपकिरीची डबी उघडली की माझ्या तोंडाला पाणी सुटतं. ओकारी येण्याआधी सुटतं तसं.

हे कशासाठी चालत होतं ते सांगण्याआधी घर सांगायला हवं. आम्ही तंजावरकडची मराठी माणसं, कैक पिढ्यांपूर्वी दक्षिणेत उतरलेली आणि परत न गेलेली. घरात मराठी, दारात तमिळ, कचेरीत इंग्रजी. आमची मराठी जुनी, तमिळ हेलाची. आमच्या गल्लीत ती आमच्याशिवाय कुणालाही कळत नसे. लग्नानंतर मी पुण्याला आले तेव्हा माझं बोलणं ऐकून मंडईतल्या बायका हसल्या होत्या. मग मी इथली मराठी शिकले, आणि हे त्या शिकलेल्या मराठीत लिहिते आहे. घरच्यांचं बोलणं मात्र आठवतं तसंच ठेवलं आहे. घर लांबट होतं: पुढे ओटा, मग बैठकीची खोली, मग चौक, चौकाच्या कडेला स्वयंपाकघर, मागे विहीर आणि परसू. पहाटे देवळातलं नागस्वरम ऐकू येई, त्यानंतर शेजारच्या घरातला इडलीचं पीठ वाटणारा रगडा, त्यानंतर मोगऱ्याचे गजरे विकणारी बाई. अप्पा गिंडीच्या नव्या औद्योगिक वसाहतीत एका छोट्या कारखान्यात यंत्रांच्या सुट्या भागांचे नकाशे काढत. केसाएवढी रेघ चुकली तरी त्यांना दिसे. अम्मा, आम्ही दोघी बहिणी, आणि अप्पांच्या विधवा बहीण अत्याबाई, एवढी माणसं. अत्याबाईंचं सोवळं कडक होतं. त्या स्वयंपाकघरात असल्या की आम्ही उंबऱ्याबाहेर उभ्या राहून बोलायचं असा नियम होता.

अँथ्रोपॉसॉफी हा शब्द आमच्या घरात आला तो लिंडबाईंबरोबर. त्या मूळच्या स्वित्झर्लंडच्या. अडयारला बाग असलेलं एक घर भाड्याने घेऊन राहत आणि शनिवारी संध्याकाळी ओळखीच्या लोकांकडे जाऊन प्रवचनासारखं बोलत. अप्पांनी त्यांना कुठल्याशा सभागृहात ऐकलं आणि पुढच्याच शनिवारी घरी बोलावलं. त्या जे सांगत ते ऑस्ट्रियातल्या एका विचारवंताचं होतं. तो माझ्या जन्माआधीच वारला होता. त्याचं म्हणणं थोडक्यात असं. माणसाला दिसतं तेवढंच शरीर नसतं. त्याच्या आत आणखी शरीरं असतात आणि ती एकदम जन्मत नाहीत, साधारण सात-सात वर्षांनी एकेक जन्मते. हाडामांसाचं शरीर आईच्या पोटातून येतं. दुसरं, वाढीचं आणि आठवणीचं शरीर, दुधाचे दात पडू लागतात तेव्हा मोकळं होतं. तोवर ते मुलाचं अंग घडवण्यात गुंतलेलं असतं. त्याआधी मुलाला अक्षरं शिकवली तर अंग घडवणारी शक्ती डोक्याकडे वळते, आणि त्याची भरपाई म्हातारपणी करावी लागते, संधिवाताने नाहीतर रक्तवाहिन्या कडक होऊन. या विचाराला व्यावहारिक अंगं होती: शेती, शाळा, औषध, एक प्रकारचं नृत्य. अप्पांना हे सगळं पटायला वेळ लागला नाही. आपल्याकडचे पंचकोश तेच हे, असं ते म्हणत. गिंडीहून आल्यावर ते लिंडबाईंनी दिलेली पुस्तकं वाचत, महत्त्वाच्या वाक्यांखाली पट्टी लावून रेघा मारत, आणि आम्हाला वाचून दाखवत. समजत असे ते मला हास्यास्पद वाटत नसे. हेही लिहून ठेवलं पाहिजे. पंधरा वर्षांच्या मुलीला वाटावं तेवढं ते मला गूढ आणि सुंदरही वाटत असे, शिंगं घरात येईपर्यंत.

शेतीची पद्धत अशी होती की गाईच्या शिंगात ताजं शेण ठासून भरायचं, शिंग थंडीच्या आरंभी जमिनीत पुरायचं, उन्हाळ्याच्या तोंडावर काढायचं, आणि आतलं चिमूटभर खत बादलीभर पाण्यात एकदा उजवीकडून एकदा डावीकडून घुसळून झाडांवर शिंपडायचं. शेणाला आमच्या घरात कुणाची हरकत असायचं कारण नव्हतं. दारात सडा त्याचाच पडत असे. अप्पांचा हिशेब सरळ होता. गाय पवित्र, शेण पवित्र, म्हणून शिंगही पवित्र. शिंग मिळतं कुठून, याचा विचार त्यांनी केला नव्हता. ते एका रविवारी सकाळी गोणी घेऊन आले. ती फण्या आणि बटणं करणाऱ्या एका कारखान्याच्या मागच्या दारातून आली होती, आणि तिथे कत्तलखान्यातून. शिंगाच्या आत हाडाचा गाभा असतो आणि त्याच्याभोवती मांस, हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. गोणी चौकात उलटी केल्यावर माहीत झालं. माश्या आधी उडाल्या आणि परत बसल्या. वास सांगता येणार नाही. एवढंच सांगते की शेजारच्या घरातला रगडा थांबला. गाभा सुटा व्हावा म्हणून शिंगं उकळायला हवीत असं पुस्तकात होतं. अप्पा स्वयंपाकघरात गेले आणि सणासुदीचा भात ज्यात शिजे ते काशाचं मोठं भांडं उचलून विहिरीपाशी घेऊन गेले. अत्याबाई दारात आल्या.

"तें भांडं कशाला नेतोस रे?"

"पाहिजे मला. घासून देतों मग."

"घासून?" अत्याबाई म्हणाल्या. "मेलेल्या गाईचं मांस शिजवून घासून देतोस? चिंच लावून घासशील का विभूती लावून?"

"अक्का, गाईचं शिंग आहे तें. गाईचं."

"तर मग नैवेद्य दाखव त्याचा."

त्या दिवशी अत्याबाईंनी केळं आणि ताक घेतलं. भांडं नंतर खरोखरच घासून परत आलं. अम्माने ते परसातल्या पेरूखाली उपडं घातलं आणि पुन्हा आत आणलं नाही. शिंगं पुरली. पुढच्या पायरीला हरणाचं मूत्राशय लागत होतं, त्यात एका युरोपी झुडपाची फुलं भरून उन्हात टांगायची होती. हरणाचं मिळालं नाही. अप्पांनी बोकडाचं आणलं, त्यात वाळवलेली कडुनिंबाची फुलं भरली, आणि ते परसात कपडे वाळत घालायच्या तारेशेजारी टांगलं. कावळे त्याच्याभोवती दिवसभर ओरडत. ऊन चढलं की ते आकसे, दव पडलं की फुगे. आमची परकर-पोलकी त्याच्या शेजारी वाळत, आणि मी शाळेत बाकावर बसले की आपल्या कपड्यांना तो वास येतो आहे असं मला वाटत राही. पुढच्या वर्षी परसातली वांगी मात्र उत्तम आली. जांभळी, घट्ट, कोवळ्या बियांची. अम्माने त्यांची रसवांगी केली, चिंच-खोबरं घालून आमच्याकडे करतात तशी. ती चांगली झाली होती, असं सगळे म्हणाले. मी घास तोंडात घेतला आणि तो तिथेच धरून बसले.

शनिवारच्या बैठकीला पाचसात माणसं येत. त्यांत निवृत्त डॉक्टर वरदन होते, सरळ अंगाचे, कमी बोलणारे. कॉफीसाठी येतो असं ते स्वतःच सांगत. लिंडबाई उंच होत्या, पायघोळ सुती झगा घालत आणि उकाड्यातही त्यांच्या अंगाला कापरासारखा वास असे. एकदा त्यांनी ते नृत्य करून दाखवलं. त्यात प्रत्येक स्वराला हातांची एक खूण होती. आ म्हणताना हात उघडायचे, ओ म्हणताना गोल करायचे. गुलाबी रेशमी ओढणी घेऊन त्या आमच्या बैठकीच्या खोलीत स्वर हलवत होत्या आणि खिडकीच्या गजांना धरून गल्लीतली मुलं बघत होती. अंबूला त्यांनी हाताला धरून आ करायला शिकवलं. आ चे हात तिला शिकवलेले चालत होते, आ चं अक्षर चालत नव्हतं. नंतर खुर्चीत बसून, कॉफीचा पेला दोन्ही हातांत धरून त्या म्हणाल्या की या देशातल्या लोकांची जाणीव फार जुनी आहे, थकलेली, स्वप्नाळू; मानवजात त्या पायरीवरून पुढे निघून गेली आहे; म्हणून इथल्या मुलांना अवेळी जागं करणं अधिकच धोक्याचं. त्या हे प्रेमाने म्हणाल्या. अप्पांनी मान हलवली आणि त्यांच्या पेल्यात आणखी कॉफी ओतली. मी त्यांच्याकडे बघत होते. दिवसभर इंग्रजी मापांत नकाशे काढणारा माणूस आपण मागच्या पायरीवर राहिलो आहोत हे ऐकून समाधानाने हसत होता.

त्याच बैठकीत बोलता बोलता एकाने विचारलं की त्याचा मुलगा झोपाळ्यावरून पडला आणि पुढचा दात तुटला, तर आता त्याला अक्षरं शिकवायची का? लिंडबाईंनी बोट वर केलं. पडलेला दात वेगळा आणि पाडलेला वेगळा, त्या म्हणाल्या. पाडलेल्याने काही मोकळं होत नाही. थांबायचं. अप्पांनी हे वहीत टिपून घेतलं. अम्मा कॉफीचे पेले गोळा करत होती. तिला इंग्रजी बोलता येत नसे, कळत असे.

प्रश्न अंबूच्या शाळेचा होता. आमच्याकडे मूल विजयादशमीला शाळेत जातं. आदल्या दिवशी सरस्वतीपूजा. घरातली सगळी पुस्तकं देवीपुढे मांडायची आणि त्या दिवशी कुणी एक अक्षर वाचायचं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ताटात तांदूळ पसरून बाप मुलाचं बोट धरतो आणि पहिलं अक्षर गिरवतो. मग शाळेत नेतात. अंबूची एक विजयादशमी अप्पांनी जाऊ दिली होती, मग दुसरीही. आता तिच्या बरोबरीच्या मुली पाढे म्हणत. अम्मा शाळेच्या मोठ्या बाईंना भेटून आली होती. ही दसऱ्याची वेळ चुकली तर पुढच्या वर्षी इतक्या मोठ्या मुलीला पहिलीत घेणार नाही, असं त्यांनी सांगितलं होतं, आणि आमच्या ऐपतीत दुसरी शाळा नव्हती. अम्माचं स्वतःचं शिक्षण तिसरीत सुटलं होतं. तिच्या बापाने सोडवलं होतं, एवढंच ती त्याबद्दल बोलत असे.

अक्षरं अंबूला येत होती. हे अप्पांना सोडून सर्वांना माहीत होतं. दुपारी अप्पा गिंडीला असताना अम्मा तांदळाच्या धुवणात बोट बुडवून स्वयंपाकघराच्या काळ्या फरशीवर अक्षर काढी, अंबू त्याच्यावरून बोट फिरवी, आणि फरशी वाळली की अक्षर नाहीसं होई. वर्षभरात तमिळ अक्षरं सगळी झाली होती, शब्द जुळू लागले होते. अत्याबाई दाराशी जपमाळ घेऊन बसत आणि पुढे कुणी आलं तर खाकरत. पण नुसती अक्षरं येऊन भागणार नव्हतं. शाळेच्या फॉर्मवर सही अप्पांची लागत होती, आणि अप्पा दात पडेपर्यंत सही करणार नव्हते.

"सात भरायला आलीं तिला," अम्मा एकदा वाढताना म्हणाली.

"वय बघून होत नाहीं तें. दात बघून."

"सरूचे कधीं पडले?" सरू म्हणजे मी. "पांचात तिला अक्षरं दिलींत तुम्हीं. संधिवात झालाय तिला?"

"म्हातारपणीं कळेल," अप्पा म्हणाले आणि ताक मागितलं.

माझे गुडघे आता दुखतात. जिना उतरताना दर वेळी मला ते वाक्य आठवतं आणि दर वेळी राग येतो.

नवरात्र जवळ येऊ लागलं तेव्हा अम्माने अंबूला ऊस द्यायला सुरुवात केली. मग कच्चे पेरू. मग कडक तळलेले मुरुक्कू, म्हणजे तांदळाच्या चकल्या. त्यानेही काही होईना तेव्हा दुपारी अक्षरं संपली की अम्मा तिचं डोकं मांडीवर घेई, बोटाला पदर गुंडाळी, आणि खालचा पुढचा एक दात धरून मागे-पुढे करत बसे. सकाळी अप्पांची बोटं, दुपारी अम्माची. अंबू आधी रडे, मग रडायची थांबली. शेवटी शेवटी तिच्यापुढून कुणी नुसतं हात हलवत गेलं तरी ती तोंड उघडी. मी हे लिहिताना दोन वेळा उठले. घरातली माणसं वाईट नव्हती. अप्पा तिच्या म्हातारपणाची काळजी करत होते, अम्मा तिच्या शाळेची. पण जेवायच्या वेळी या सगळ्यांचे हात एकाच भाताच्या पातेल्याभोवती बघितले की मला पानावरून उठावंसं वाटे.

दात थोडा हलायला लागला, पण पडला नाही. विजयादशमीच्या सकाळी अप्पा देवळात गेले. मी पुढच्या दाराला आंब्याच्या पानांचं तोरण बांधत होते. आतून अत्याबाईंचा आवाज आला, "डोळे मिट गे, पाप्पा." पाप्पा म्हणजे बाळ, त्या तिला लाडाने तसं म्हणत. मी आत वळून बघितलं. अत्याबाई सोवळ्यात होत्या, तरी त्यांनी अंबूला पाठीमागून दोन्ही हातांनी धरलं होतं. दाताला दोरा बांधला होता, दोऱ्याचं दुसरं टोक स्वयंपाकघराच्या दाराच्या कडीला. अम्माने दार लोटलं. अंबू ओरडली नाही. एक बारीकसा आवाज झाला, ओली काटकी मोडावी तसा.

अम्माने तिला मिठाच्या पाण्याच्या चुळा दिल्या, लवंगेचं तेल लावलं, केस विंचरले, रेशमी परकर नेसवला. अत्याबाईंनी दात धुऊन हातात घेतला आणि शेणाचा गोळा मागवला. दुधाचा दात शेणात गुंडाळून कौलांवर फेकायचा अशी आमच्याकडची रीत आहे. तेवढ्यात अप्पा आले. दाराशीच अंबूने त्यांना बघून सवयीने तोंड उघडलं.

"इकडे द्या तो," अप्पा अत्याबाईंना म्हणाले.

त्यांनी दात तळहातावर घेतला आणि नकाशाच्या टेबलाशी गेले. खणातलं भिंग काढलं. आपोआप पडलेला दुधाचा दात मी बघितला आहे, माझे सगळे मला आठवतात: वरून शुभ्र, खाली पोकळ, देठ खुडलेल्या मोगऱ्यासारखा. या दाताला मूळ होतं. लांब, पिवळसर, टोकाशी रक्ताचा धागा सुकलेला. भिंगाशिवाय मला ते चौकाच्या या टोकावरून दिसत होतं. अप्पा बराच वेळ बघत राहिले.

"पडला?" त्यांनी विचारलं.

"पडला," अम्मा म्हणाली.

"शरि," अप्पा म्हणाले. शरि म्हणजे बरं, ठीक. त्यांनी दात कापसात ठेवला, कापूस चांदीच्या कुंकवाच्या करंड्यात ठेवला, आणि तांदळाच्या ताटाशी येऊन बसले. अंबूचं बोट धरून त्यांनी पहिलं अक्षर काढलं. ती ताटावर वाकली होती. अक्षराच्या वळणाशी तांदळात एक लाल थेंब पडला, मग दुसरा. अप्पांनी ते दाणे वेचून बाजूला ठेवले आणि अक्षर पुरं केलं. मग सही केली. अंबू शाळेत गेली.

त्यानंतरच्या रविवारी लिंडबाईंचं जाहीर व्याख्यान होतं. बाहेरच्या फळ्यावर इंग्रजीत आणि तमिळमध्ये लिहिलं होतं: अँथ्रोपॉसॉफीची ओळख आणि तिचे व्यावहारिक उपयोग. मार्गशीर्षात जिथे गाण्याच्या मैफली होतात असं मैलापुरातलं ते छोटं सभागृह होतं. भिंतींना उदबत्तीचा आणि जुन्या जाजमांचा वास. टेबलावर आमच्या परसातली वांगी मांडली होती, एक शिंग होतं, घुसळलेल्या पाण्याची बाटली होती, आणि करंडा. आम्ही चौघी पुढच्या रांगेत होतो. अंबूची हनुवटी सुजली होती. हिरडी पिकली होती आणि ताप होता, पण अप्पांनी तिला आणायला सांगितलं होतं. लिंडबाई बोलल्या, मग अप्पा तमिळमधून बोलले. ते चांगलं बोलत. शेतीचं सांगून झाल्यावर त्यांनी करंडा उघडला आणि म्हणाले, माझ्या मुलीला मी दात पडेपर्यंत अक्षर दाखवलं नाही. आणि बघा, विश्वाची घडी कशी असते, तो नेमका विजयादशमीच्या सकाळी, आपला आपण, पडला. जे ऑस्ट्रियातल्या ऋषीने सांगितलं तेच आपल्या पूर्वजांनी पंचांगात लिहून ठेवलं आहे. हनुवटीवरच्या सुजेबद्दल कुणी विचारलं तेव्हा ते म्हणाले, नवं शरीर मोकळं होताना ऊब येते.

करंडा रांगेतून फिरला. लोक चष्मे सावरून दात बघत आणि पुढे देत. डॉक्टर वरदन यांनी तो कापसावरून उचलला, उजेडात धरला, मुळाकडे बघितलं, मग अंबूच्या हनुवटीकडे, मग अप्पांकडे. आणि करंडा शेजाऱ्याच्या हातात दिला.

तेव्हा अंबू खुर्चीवर उभी राहिली. तिचा आवाज सुजेमुळे जाड येत होता, पण मोठा होता. आमच्या घरच्या मराठीत ती म्हणाली, "पडला नाहीं तो. अम्मानं ओढला. अत्याबाईनं धरलं होतं मला."

सभागृह भरलेलं होतं आणि त्यात ही भाषा कळणारी फक्त आम्ही घरची माणसं होतो. लोक कौतुकाने हसले. लिंडबाई पुढे वाकल्या आणि अप्पांना इंग्रजीत विचारलं, "काय म्हणते ती?"

अप्पांनी अंबूकडे बघितलं. मग लिंडबाईंकडे वळून सुबक इंग्रजीत म्हणाले, "ती म्हणते, मला दुखलं नाही."

टाळ्या वाजल्या. मला इंग्रजी येत होतं, तमिळ येत होतं, उभं राहायलाही येत होतं. अम्माचा हात माझ्या गुडघ्यावर आला आणि तिथेच दाबून राहिला. ती माझ्याकडे बघत नव्हती. पाडलेल्या दाताने काही मोकळं होत नाही, थांबायचं, हे लिंडबाईंचं वाक्य तिला माझ्याइतकंच आठवत होतं. मी एक वाक्य बोलले असते तर ते अंबूला लागू झालं असतं, आणि सोमवारी अंबूचं नाव शाळेतून काढलं गेलं असतं. मी बसून राहिले. त्याचा मला कधी पश्चात्ताप झाला नाही. आज ती वेळ आली तरी बसूनच राहीन. पुढे मी वृत्तपत्रात बातम्या तपासायचं काम बरीच वर्षं केलं. खोटी बातमी एका खोटं बोलणाऱ्याच्या बळावर उभी राहत नाही, तिच्या बाजूला गप्प बसण्याचं सबळ कारण असलेली चार भली माणसं लागतात, हे मला कामावर कुणी शिकवावं लागलं नाही. त्या टाळ्या आठवल्या की मात्र अजून तोंडात तपकिरीची चव येते, जी मी कधी घेतलेली नाही.

बाहेर पडताना डॉक्टर वरदन अम्माजवळ थांबले आणि तमिळमध्ये हळूच म्हणाले, "उद्या सकाळी मुलीला माझ्याकडे आणा. आत काही राहिलं असेल." मग छत्री घेऊन निघून गेले.

आम्ही देवळाच्या रस्त्याने चालत घरी निघालो. अप्पा पुढे होते, करंडा खिशात, चाल हलकी. दुकानांचे दिवे लागले होते. अंबू माझा हात धरून चालता चालता पाट्या वाचायला लागली. कॉफी पूड. औषधांचं दुकान. पितळेची भांडी. सायकली भाड्याने मिळतील. मोठमोठ्याने, न अडखळता, एकीमागून एक. आता ते चालणार होतं, एवढं तिला कळलं होतं. वर्षभर ती हे मनातल्या मनात वाचत होती.

अप्पा थांबले. वळले. त्यांचा चेहरा उजळला होता.

"बघितलंस?" ते अम्माला म्हणाले. "दात पडून आठवडा झाला नाहीं. कशीं धांवून आलीं अक्षरं!"

अम्मा देवळाच्या बाजूला बघत राहिली. अंबू गटाराशी वाकली आणि थुंकली. दिव्याच्या उजेडात ते पिवळं-लाल दगडावर पडलेलं दिसत होतं, आणि वास आला. अप्पांनी धोतर किंचित उचललं, ते ओलांडून तिच्याजवळ आले आणि पुढच्या दुकानाकडे बोट केलं.

"ही वाच," ते म्हणाले.